मोराला चिठ्ठी कशाला?

लेकीच्या सासरी दिवाळीची बिस्किटं पाठवायची ती मी कोरलेल्या साच्यातलीच, असं मी ठरवलं. बाजारात प्लॅस्टिकचे बदाम आणि ॲल्युमिनियमची फुलं मिळतात, पण आमच्या लेकीची, संस्कृतीची, लग्नानंतरची ही पहिली दिवाळी. तिच्या पाथर्डीच्या सासूबाई, गोजरबाई, करंजीच्या कडेच्या मुरडी मोजणाऱ्या. तिथं माझ्या लेकीची मान ताठ राहायला हवी होती.

मी जुन्या पलंगाचा सागवानी पाय कापला (पलंग तेव्हापासून विटांवर आहे) आणि त्यात मोर कोरला. तेवीस पिसं, प्रत्येक पिसाला डोळा. दूध संस्थेच्या कारकुनाच्या हातात अशी कला असते, हे मलाही माहीत नव्हतं. पटाशी एकदाच निसटली. अंगठ्याला टाके पडले, वर जाळीची पट्टी बसली, पण मोराला धक्का लागला नाही.

दिवाळीआधी मिरजगावच्या बेकरीत बायका घरचं पीठ-तूप आणून बिस्किटं भाजून घेतात. मी साच्यात पीठ भरलं, अंगठ्याने दाबलं, ट्रेमध्ये नक्षी वर करून मोर मांडले. आमचं साजूक तूप, बाकीच्यांचा डालडा.

"नाव सांगा, चिठ्ठी लावतो," बेकरीवाला पुंजाराम म्हणाला.

"मोराला चिठ्ठी कशाला? नक्षी हीच ओळख."

ते ऐकून मागच्या चौघींनीही आपल्या बदाम-फुलांच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. माझा शब्द गावात चालतो, याचा मला अभिमान वाटला.

"सायेब, सोडा किती घातलाय?"

"दुप्पट. खुसखुशीत नको व्हायला? या चौघींनाही मीच तेवढा घालायला सांगितलाय."

पुंजारामने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि ट्रे भट्टीत सारले.

बाहेर आले ते पाच ट्रे सारखेच. गोल, फुगलेले, गुळगुळीत. मोर तर नाहीच, कोंबडीसुद्धा नाही.

"आता वळखा," पुंजाराम म्हणाला.

चौघी माझ्याकडे बघत होत्या. डालड्याची बिस्किटं गोजरबाईंकडे गेली असती तर लेकीला वर्षभर ऐकावं लागलं असतं. मला खरंच रडू यायला लागलं. तेवढ्यात माझी बायको मनकर्णा पुढं झाली. तिने प्रत्येक ट्रेमधलं एकेक बिस्किट उलटं केलं आणि चौथ्या ट्रेपाशी थांबली.

"ही आमची." बिस्किटाच्या पाठीवर माझ्या पट्टीची जाळी स्वच्छ उमटली होती. अगदी धागान् धागा.

उरलेल्या चौघींनी चार ट्रेंची सरसकट वाटणी केली. करताना माझं जे नाव घेतलं, ते चिठ्ठीवर लिहिण्यासारखं नव्हतं.

भाऊबीजेला गोजरबाईंचा फोन आला. मी मुद्दाम स्पीकर लावला.

"व्याही, बिस्किटं लई झ्याक. आमी समदी ताटात उलटी मांडली. काय बारीक जाळी हाय. गावात कुनाकडं असली नक्षी न्हाई. तेवढा साचा धाडा की."

माझी छाती फुगली. फोनवर मागून संस्कृतीचं हसू ऐकू येत होतं. मी काही बोलणार, तोच मनकर्णाने फोन घेतला.

"धाडते की. पर टाके निघाल्यावर. साचा आत्ता दवाखान्यात चाललाय."