जेलात घटलेलं वजन

चर्नी रोड स्टेशनातल्या वजनाच्या मशिनातून श्यामकांत त्रिलोकेकरचं तिकीट पडलं, त्यावर ब्याण्णव पौंड असं छापलेलं होतं. इंटरच्या वर्गातल्या चार मित्रांनी ते हातोहात वाचलं, आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलेजात त्याला ‘ब्याण्णव’ अशीच हाक पडू लागली. तेही त्याने सोसलं असतं. पण ती हाक शैलाने ऐकली आणि ती हसली, हे मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. शैला त्याच्याच वर्गात होती, आणि तिने आपल्याला भरल्या अंगाचा माणूस समजावं एवढंच त्याचं आयुष्याकडे मागणं होतं.

अंडी झाली, केळी झाली, खोताच्या वाडीत राहणाऱ्या एरिकबरोबर सकाळचे डंबेल्स झाले. अंगी काही लागेना. शेवटी एरिकनेच तोड काढली.

"आतून भर ना रे. कोण उघडून बघतंय?"

त्याने आपला लोकरी स्वेटर दिला. त्याच्या आत तीन बनियन, वडिलांचं जाकीट, पोटाला गुंडाळलेला टर्किश टॉवेल, आणि वरून ढगळ शर्ट. घामाने जीव नकोसा व्हायचा, पण आरशात खात्यापित्या घरचा मुलगा दिसायचा.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे होते. गिरगावातून सत्याग्रहींच्या तुकड्या निघत, आयाबहिणी त्यांना ओवाळीत, आणि पोलीस त्यांना गाडीत घालून नेत. तुकड्यांची यादी श्यामकांतच्या वाडीतले जगदीशराव करीत. त्यांनी श्यामकांतचं नाव वाचून शांतपणे खोडलं होतं.

"तू घोषणा दे. तुरुंग तुला झेपायचा नाही."

त्या दिवशी ओवाळायला शैला येणार होती. त्यामुळे श्यामकांत संपूर्ण पोशाखात हजर राहिला आणि बाजूला उभा राहून घोषणा देऊ लागला. तुकडी गाडीत चढली. दोन जागा उरल्या, तेव्हा हवालदाराने बोट दाखवलं.

"तो जाडा पण घ्या."

जाडा कोण ते पाहायला श्यामकांतने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. दुसरा एखादा वाडीच्या बोळात पळाला असता. याने कॉलर नीट केली आणि सावकाश, सगळ्यांना दिसेल असा, गाडीत चढला.

तुरुंगात आत जाताना वजन करीत. कारकून म्हणाला, "शर्ट, स्वेटर, सगळं काढा."

रांगेत अर्धं कॉलेज होतं.

"नको," श्यामकांत म्हणाला. "थंडी वाजते."

त्याच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता. कारकुनाला अजून चाळीस माणसं मोजायची होती. त्याने एकशे दोन पौंड लिहून टाकले.

आत शैला नव्हती, त्यामुळे जाड दिसण्याचं काही कारण उरलं नाही. श्यामकांतने रात्री अंधारात सगळं सोडून उशाला घेतलं. मग तीन आठवडे वेळेवर जेवण, अंधार पडताच झोप, आणि पोरगा किडकिडीत म्हणून वडीलधारे सत्याग्रही आपल्यातली अर्धी भाकरी त्याच्या ताटात टाकीत. सुटताना नुसत्या शर्टात त्याचं वजन अठ्ठ्याण्णव भरलं. जन्मात पहिल्यांदा तो सहा पौंडांनी वाढला होता. त्याला भरून आलं.

"साहेब, मी वाढलो."

"एकशे दोनाचे अठ्ठ्याण्णव झाले, ही वाढ?" कारकुनाने वर पाहिलं. "कुठल्या कॉलेजात शिकता?"

दारात जगदीशराव हार घेऊन उभे होते. त्यांनी आकडा विचारून घेतला. हे चार पौंड गिरगावात पोहोचेपर्यंत आठ झाले, लालबागेत चौदा झाले, आणि भोईवाड्यात तर शोकसभेच्या जागेची चौकशी सुरू झाली.

घरी आईने मात्र पहिल्याच पंगतीला ओळखलं, आणि तिचा चेहरा पडला.

"माझ्या हातचं अठरा वर्षं अंगी लागलं नाही, नि तुरुंगातलं लागलं? बाहेर बोलू नकोस हो. लोक म्हणतील, हे घरी पोराला उपाशी ठेवत होते."

रविवारी वाडीत सत्कार ठेवला होता. श्यामकांतने व्यासपीठामागे जगदीशरावांना गाठून सगळं खरं सांगितलं. त्यांनी त्याला नीट निरखून पाहिलं.

"ते दिसतंय मला. पण फोटोवाला आलाय, माणसं जमलीत. गाल आत ओढून बस."

आयुष्यात नुकतेच आलेले गाल श्यामकांतने सव्वा तास आत ओढून धरले. जगदीशराव त्याच्या देहाकडे बोट दाखवून बोलत होते आणि बायका पदर डोळ्यांना लावीत होत्या. ‘ब्याण्णव’ हे नाव ठेवणारे चौघे हार घालायला सर्वांत पुढे होते. "हाडं राहिली रे नुसती," असं म्हणत त्यांतल्या एकाने त्याचं मनगट चाचपून पाहिलं. आता आपण कायमचे हडकुळे झालो, हे श्यामकांतला कळून चुकलं.

गर्दी पांगल्यावर शैला आली. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"लोक काहीही म्हणोत," ती म्हणाली, "मला तर तू चांगला भरलेला दिसतोस."

जगदीशराव दोन हातांवर सतरंजी गुंडाळत होते. श्यामकांतने त्यांच्याकडे पाहिलं आणि गाल हळूच सोडले.

"हळू बोल," तो म्हणाला. "पण परत एकदा बोल."