दाबलेली शिंक

ग्रंथपालांनी ठरवून टाकलं होतं, वरच्या दाढा बसवायच्या म्हणजे बसवायच्याच. घरात त्यांना आणि धाकट्या नातवाला एकाच भांड्यातलं कुस्करलेलं जेवण मिळे. नातू निदान थुंकून तरी द्यायचा. यांना तीही सोय नव्हती.

दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, दाढा पडून फार वर्षं झाली, तिथलं हाड झिजलंय, नवी दाढ रोवायला पुरायचं नाही. वर नाकाशेजारी पोकळी आहे. तिचा पडदा उचलून खाली हाडाचा चुरा भरावा लागेल. जनावराच्या हाडाचा मिळतो, दान केलेल्या माणसाच्या हाडाचा मिळतो, कारखान्यात केलेलाही मिळतो."

"माझंच घ्या," ग्रंथपाल ताठ मानेनं म्हणाले. "परक्याचं हाड तोंडात घेऊन मी जेवणार नाही."

मग हनुवटीतलं हाड खरवडून वर भरलं. तोंड असं सुजलं की नातवानं ओळखच दाखवली नाही. नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून मोकळं शिंकायचं, असं डॉक्टरबाईंनी दहादा बजावलं. ग्रंथपालांनी दहादा मान डोलावली आणि सूज उतरायच्या आत वाचनालयात जाऊन खुर्चीत बसले.

जुन्या खंडांवरची धूळ झटकताना शिंक आली. आता या माणसाचा सगळा जन्म शांतता राखण्यात गेलेला. खोकणाऱ्या म्हाताऱ्यांनासुद्धा त्यांनी बाहेरची वाट दाखवलेली. स्वतःची शिंक ते नाक आवळून, ओठ मिटून गिळून टाकत. हात सवयीनं वर गेला. आत काहीतरी फाटलं. रुमालात पाहतात तर रक्त आणि वाळूसारखे पांढरे कण. आपली हनुवटी आपल्याच रुमालात बघण्याचं भाग्य फार थोड्यांना लाभतं.

"पडदा फाटलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सगळं साफ करते. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. तेव्हा परक्याचंच घ्यावं लागेल, तुमच्या हनुवटीत काढण्यासारखं उरलं नाही."

म्हणजे आणखी सहा महिने कुस्करलेलं. ग्रंथपालांना रडूच आलं.

सोबत आलेली सून मात्र भडकली. "बाबा, इतकं सांगूनही नाक दाबलंत? कशासाठी?"

"वाचणाऱ्यांना त्रास होतो."

"किती जण वाचत होते?"

ग्रंथपालांनी रुमालाची नीट घडी करून ती खिशात ठेवली.

"या महिन्यात अजून कुणी आलेलं नाही," ते म्हणाले.