चिंगीची खूण

"आवं, माणूस खुणेला झाड ठिवतो, धोंडा ठिवतो. तुम्ही मेंढी ठिवली!"

बानाबाईनं हे वाक्य तेरा वर्षांत इतक्या वेळा म्हटलं होतं, की मुकुंदवाडीतल्या त्यांच्या खोलीच्या पत्र्यांनाही ते पाठ झालं असावं. आणि केरबाचं उत्तरही ठरलेलं असे, "आगं, चिंगी काय साधी मेंढी व्हती व्हय?"

रानोमाळ हिंडणारा धनगर चोराच्या भीतीनं सोनं जमिनीत पुरतो आणि वर मेंढरं बसवतो. शंभर मेंढरांनी तुडवलेली, लेंड्यांनी झाकलेली जमीन कोणता चोर उकरत बसणार? केरबानं बानाबाईची बोरमाळ अशीच वाळूजच्या माळावर पुरली. चिंगी म्हणजे कळपाची म्होरकी, उजवा कान कोळशासारखा काळा. रोज ती एकाच जागी बसायची, वीतभर इकडं नाही की तिकडं नाही. बोरमाळ बरोबर तिच्याखाली. याहून पक्की खूण कोणती? पुढं बहात्तरचा दुष्काळ पडला, कळप विकावा लागला, आणि सोनं काढायला केरबा कुदळ घेऊन माळावर उभा राहिला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की खूण बाजारात गेली.

त्यानं अर्धा माळ चाळला. मग पोटासाठी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात गेटवर वॉचमन म्हणून राहिला. सकाळी कामगार आत शिरताना तो त्यांना दोन-दोन करून मोजायचा आणि कुणी रांग सोडली की जिभेनं टकटक करून वळवायचा. कामगार वळायचेही. पण हे काही मेंढरांचं सुख नव्हे. खाकी कपड्याला लोकरीचा वास येत नाही.

अशात कारखान्यातला टर्नर सर्जेराव एक पेटी घेऊन घरी आला. पेटीला रेडिओसारखी एरियल, एक वायर आणि वायरीला दोन वाकड्या पितळी कांड्या.

"तात्या, हैदराबादेहून आणलंय. दोन कोसांवरून सोनं दावतंय. कांड्या धरायच्या अन् त्या वळतील तिकडं चालायचं."

"दोन कोसांवरून?" केरबाचे डोळे चमकले.

"व्हय. पर पेटीला आधी सोन्याचा नमुना चारावा लागतो. मंग ती त्याच्या भाऊबंदाला हुडकती."

घरात सोनं उरलं होतं ते फक्त बानाबाईच्या नाकात. जोंधळ्याएवढी फुली. बानाबाईनं आधी सर्जेरावाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग फुली काढून पेटीत टाकली.

"माझं नाक मोकळं करून चाललात," ती म्हणाली. "फुली तेवढी परत आणा म्हंजी झालं."

केरबा आणि सर्जेराव वाळूजला जायला सिटी बसमध्ये बसले. क्रांती चौकात बस थांबली. नामांतराचा मोर्चा निघाला होता. निळ्या झेंड्यांनी रस्ता भरला होता आणि पुढं पोलिसांची भिंत.

"उतरा. पायी जाऊ," सर्जेराव म्हणाला. "तवर यंत्राची चाचणी करू."

केरबानं पेटी गळ्यात अडकवली, कांड्या हातात धरल्या. आणि खरंच, कांड्या वळल्या! त्या वळल्या तसा केरबा वळला, आणि थेट मोर्च्याच्या मधोमध शिरला.

"मामा! तुम्ही बी?" त्याच्या गेटवरचा रातपाळीचा वॉचमन पुंडलिक घोषणा थांबवून त्याला बिलगला. "जय भीम! लई बरं केलं!"

"आरं, मी सोनं हुडकाया..."

"हुडका. पर हितं आलाच हाय तर आवाज तरी लावा. सात वर्सं झाली मागतोय. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव दिल्याबिगर आम्ही हालत न्हाय."

केरबाला मागणं म्हणजे काय ते कळत होतं. त्यानं मेंढरं हाकायच्या खणखणीत गळ्यानं "झालंच पाहिजे!" म्हटलं. पुढचा फौजदार दचकला आणि त्याची नजर गळ्यातल्या पेटीवर गेली. एरियल, वायर, कांड्या. सर्जेराव तेवढ्यात असा नाहीसा झाला, की त्याला हुडकायलाही यंत्रच लागलं असतं.

सत्याग्रहींबरोबर केरबालाही गाडीत घालून शहराबाहेरच्या एका मैदानावर नेऊन बसवलं. फौजदारानं पेटी लांबूनच काठीनं ढोसली.

"काय आहे हे?"

"सोनं हुडकायचं यंत्र, सायेब."

"आणि सोनं कुठंय?"

"त्याच्या आत."

फौजदारानं काठी मागं घेतली. शेजारचा हवालदार मात्र पुढं सरकला. "साहेब, बघायला काय हरकत आहे? रझाकारांच्या वक्ताला आमच्या आज्यानं पैठणला हंडा पुरला. अजून गावत नाही."

मैदानात कुजबुज सुरू झाली. ज्याच्या-त्याच्या घरी कुणी ना कुणी काहीतरी पुरलेलं निघालं. खुद्द फौजदाराच्या आत्याचे हातातले सोन्याचे गोठ. अखेर तो खाकरून म्हणाला, "धर कांड्या. बंदोबस्ताचा भाग म्हणून बघतो."

केरबानं कांड्या धरल्या. त्या थरथरल्या आणि उगवतीकडं वळल्या. केरबा चालू लागला. मागं फौजदार, त्याच्यामागं हवालदार, दोन शिपाई आणि "मामाला एकटं सोडायचं न्हाय" म्हणत पुंडलिक. मैदान संपलं, कुंपणाची तार वाकवली, नाला उतरला. चढ चढून वर येतात तो समोर मेंढरं!

पन्नासएक मेंढरं, आणि काठीला टेकलेला एक धनगर. केरबाच्या गळ्यातून आपोआप तेरा वर्षांपूर्वीची हाळी निघाली, "हुर्रऽऽ ये ये ये!" एका मेंढीनं मान वर केली. तिचा एक कान काळा. ती सरळ त्याच्याकडं चालत आली आणि दोन्ही कांड्यांची टोकं तिच्या पोटाला टेकली.

"गिळलंय वाटतं हिनं!" हवालदार ओरडला.

फौजदारानं मेंढीकडं पाहिलं. डोळ्यांसमोर आत्याचे गोठ होते. "ए, कुणाची ही? कापा हिला. पंचनामा करू."

"कापा कसं?" तो धनगर, कडूबा, काठी सावरत म्हणाला.

केरबा मेंढीला कवळ घालून खाली बसला. तोंड लोकरीत खुपसलं. ऊन, पाला, दूध, सगळा तोच वास. आणि त्या वासात त्याला लख्ख कळलं, की तेरा वर्षं आपण हुडकत होतो ते काय होतं, आणि कांड्या कोण वळवत होतं. बोरमाळ तर बोरमाळ. गेली.

"सायेब, यंत्र खोटं हाय!" त्यानं पेटी धोंड्यावर आपटली. आतून वाळलेला बॅटरीचा सेल निघाला, घडी घातलेला बिडीचा कागद निघाला, आणि जोंधळ्याएवढी फुली. "हे बघा. एरियल कशालाच जोडलेली न्हाय. कांड्या मी वळवतो. ध्यानात न येता वळवतो. मेंढीत सोनं न्हाय, सायेब. माझ्यातच खोट हाय."

फौजदारानं काठीनं तो सेल उलटा करून पाहिला. आत्याचे गोठ पुन्हा जमिनीत गेले. "जा घरी," तो म्हणाला. पुंडलिक मात्र परत मैदानाकडं वळला. "मी बसतो, मामा. माझं अजून मिळायचंय."

सांजेला केरबानं बानाबाईच्या हातावर फुली ठेवली आणि सगळं सांगितलं. काळ्या कानाचं तीनदा सांगितलं. बानाबाईनं ऐकता ऐकता त्यानं परत आणलेल्या कांड्या उचलल्या आणि दोन्ही हातांत धरल्या.

कांड्या हलल्या नाहीत. झोपलेल्या सापासारख्या पडून राहिल्या.

"तुझ्या हातात का वळत न्हाईत गं?" केरबानं विचारलं. "तुला बोरमाळ नको व्हय?"

"जे घरात हाय ते हुडकायला हात कशाला वळतील?"

केरबानं खोलीभर नजर फिरवली.

"तुम्ही कळप बाजाराला नेलात, त्याच दिशी म्या काढली. मेंढीच्या खुणेवर कोण इसंबंल? जोंधळ्याच्या मडक्यात तळाला हाय."

"तेरा वर्सं! आन् बोलली न्हाईस?"

"बोलले असते तर तुम्ही ती मोडून मेंढरं घेतली असती. मला डोईवर पत्रा पायजे व्हता. पावसात डोक्यावर बिऱ्हाड घेऊन हिंडले मी, तुम्ही न्हाय." तिनं फुली नाकात घातली. मग जरा थांबून, त्याच्या सदऱ्याचा वास घेतल्यासारखं करत म्हणाली, "त्या मेंढीचा कोणता कान काळा?"

"डावा."

"चिंगीचा उजवा व्हता."

"व्हय."

"मंग नात असंल." ती उठली आणि मडक्यात कोपरापर्यंत हात घातला. "एकच. आन् बांधून ठिवायची. हिंडायचं न्हाय."

केरबानं एक कांडी उचलली, दारासमोरच्या मातीत धोंड्यानं ठोकून बसवली आणि हलवून पाहिली. वरून वाकडी होती. दोरी अडकवायला अगदी बेताची.