ढब्बूच्या गालातली लाखोली

"आत्या, कडी नीट लाव हं! आणि काहीही झालं तरी ढब्बूवर ओरडायचं नाही. घाबरून जीव जातो त्याचा. शप्पथ घे!"

अंबरनाथची माझी भाची जिज्ञासा गावाला जाताना असं बजावून आपला हॅमस्टर आमच्याकडे शिरगावला ठेवून गेली. मी शप्पथ घेतली. वर हसलेसुद्धा! मुलांनो, रोज पोथी वाचणारी, सोमवार-चतुर्थी धरणारी बाई मी. राग तर मी केव्हाच सोडलाय!

म्हणजे, त्या मंगळवारी सकाळी साडेआठपर्यंत सोडला होता.

माझी लाखोली त्या दिवशी पुरी व्हायची होती. महादेवाला लाख तांदूळ वाहायचे. रोज हजार, एकेक मोजून, अख्खे दाणे. मोजताना तोंडातून शब्द निघाला, की त्या दिवसाचे हजार पुन्हा एकपासून! नव्व्याण्णव दिवस मी चुकले नव्हते. शंभराव्या दिवशी सातशेपर्यंत पोचले होते.

तेवढ्यात ह्यांनी ढब्बूला शेंगदाणा दिला आणि पिंजऱ्याची कडी तशीच उघडी ठेवून पेपर उचलला.

ढब्बू थेट माझ्या ताटात! मोजलेले तांदूळ भराभर गालात कोंबायला लागला. गाल कसले, रेशनची पोती! लग्नात पान खाऊन बसलेल्या मामासारखं तोंड झालं त्याचं. मी हात घातला, तर टुणकन दिवाणाखाली!

आणि मला बोलता येईना! संतापाने कान तापले. मी ह्यांच्यासमोर उभी राहिले. दोन्ही गाल फुगवले, गालांकडे बोट दाखवलं, मग दिवाणाकडे.

"दाढ दुखते? आडवं व्हायचंय?" हे म्हणाले.

मी कपाळावर हात मारला.

"डोकंपण? अगो बाई, मीना! ये गं जरा! हिला गालगुंड झालंय!"

शेजारची मीना मिठाची गरम पुरचुंडी घेऊन धावत आली. "काकू, अजिबात बोलू नका हं. बोललं की ठणकतं!" माझ्या डोक्याभोवती मफलर आवळून तिने वर गाठसुद्धा मारली. मी दात खाल्ले. "बघा, कळ आली!" हे म्हणाले.

एवढ्यात दिवाणाखालून दोन फुगलेले गाल बाहेर आले.

"ई! उंदीर!" मीनाने झाडू उगारला.

"खबरदार!" मी असं ओरडले, की खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी लाजली असेल! "ठेव तो झाडू! जिज्ञासाचा ढब्बू आहे तो! आणि तुम्ही! कडी कोणी लावायची? महादेवाने?"

मीना गारठली. हे पेपरामागे गेले. आणि ढब्बू... ताठ. हलेचना!

माझा राग पार उतरला. आता त्या पोरीला काय तोंड दाखवू? मी त्याला अलगद ओंजळीत घेतलं. त्याने एक डोळा किलकिला केला. मग गालातून एक दाणा माझ्या तळव्यावर पडला. दुसरा. तिसरा. सगळी गोणी रिकामी केली पठ्ठ्याने!

मी काही शप्पथ मोडली नाही बरं का! ढब्बूवर नाही ओरडले. मीनावर ओरडले. आणि ह्यांच्यावर.

त्याला पिंजऱ्यात ठेवलं, कडी लावली, वर देवाचा लाल दोरा गुंडाळला. उष्टे तांदूळ त्यालाच दिले. मग नवे तांदूळ घेतले आणि पाटावर बसले. एक. दोन. तीन.

"दाढ थांबली का गं?" ह्यांनी हळूच विचारलं.

माझं मौन होतं म्हणून हे वाचले! चार.