सरबत विचारणा व नकार नियमावली

सरबत करणं सोपं आणि पाजणं अवघड, याबद्दल परभणी जिल्ह्यात दुमत नाही. करायला लिंबू लागतं, पाजायला पाहुणा लागतो. लिंबू पिळलं की मुकाट्यानं रस देतं. पाहुण्याला कितीही पिळा, तो आधी "नको"च म्हणतो.

सोनपेठच्या भीमाशंकर अप्पांना हे नोकरीत असताना उमगलं नव्हतं. बरोबरच आहे. चौतीस वर्षं कचेरीत टिपण्या लिहिणाऱ्या माणसाला घरात काय चाललंय हे कळायला निवृत्तच व्हावं लागतं. ते निवृत्त झाले, पहिला उन्हाळा आला, पारा चव्वेचाळीसवर गेला, आणि ओसरीवर खुर्ची टाकून बसलेल्या अप्पांच्या लक्षात आलं की आपल्या घरी रोज दुपारी फार मोठी प्रशासकीय दिरंगाई होत आहे.

त्याचं असं. अप्पांच्या पत्नी शांतम्मा यांचं फळांचं सरबत साऱ्या गल्लीत नावाजलेलं. सकाळी सहालाच त्या वीस-पंचवीस लिंबं फरशीवर तळहाताखाली लाटून मऊ करीत. मग लिंबाच्या रसात उकडलेल्या कैरीचा गर, खरबुजाचा फडक्यातून गाळलेला रस, खडीसाखर, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट आणि भिजून फुगलेला सब्जा. ओलं पोतं गुंडाळलेल्या माठात ते दुपारपर्यंत गार होत बसायचं. अप्पांचा या सरबतावर जीव होता. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी शांतम्मांचं तोंडावर कौतुक असं केलं नव्हतं (सेवाशर्तींत तशी तरतूद नव्हती), पण सरबत मात्र रोज दोन गिलास घ्यायचे.

अडचण होती पाहुण्यांची. अप्पांनी आठवडाभर नोंदी ठेवल्या, त्या अशा: आलेले पाहुणे एक्केचाळीस. पहिल्या विचारणेस "नको" म्हणणारे चाळीस. (उरलेली एक म्हणजे गल्लीतल्या आबासाहेबांची पुण्यात शिकणारी नात अर्पिता. ती म्हणाली, "हो, द्या ना, बर्फ जास्त घाला." शांतम्मांनी दिलं, पण या पोरीचं पुढं कसं व्हायचं, ही काळजी त्यांना दिवे लागेपर्यंत पुरली.) दुसऱ्या विचारणेस "नको नको, आत्ताच घेऊन आलो" म्हणणारे अडतीस. दोघांना ऐकू कमी येत असल्यानं त्यांनी थेट हात पुढं केला. तिसऱ्या विचारणेस "बरं, अर्धाच द्या" म्हणणारे सदतीस. अर्धा म्हणून दोन गिलास काठोकाठ पिणारे, तेच सदतीस. शेवटपर्यंत न पिणारा एक. तो कुणाचा तरी रुसलेला जावई होता. सरासरी आग्रहकाल दर पाहुण्यास सहा मिनिटं चाळीस सेकंद.

एवढा वेळ शांतम्मा ताट धरून उभ्या. गिलासातला बर्फ विरघळतोय, आणि शेजारच्या दगडाबाई एक डोळा गिलासावर ठेवून म्हणतायत, "नको गं माय, लय पोट भरलंय."

"घ्या की वो, अर्धा तरी."

"कशाला तकलीफ करायलीस उगंच?"

शेवटी एका दुपारी शांतम्मांनी ताट आपटलं. "आवो, ऐकायलाव का? आवंदा मी सरबत करनार न्हाई. करायचं काई न्हाई मला, पाजता पाजता जीव जायलाय. हप्त्याला चाळीस जनांच्या पाया पडू का?"

अप्पांनी कॅलेंडर पाहिलं. अख्खा मे महिना बाकी होता. सरबताशिवाय मे महिना काढायचा म्हणजे काय, याची कल्पनाही त्यांना करवेना. बायकोच्या हाताखाली दोन ताटं धरावीत, एखादा गिलास आपण नेऊन द्यावा, असा विचार दुसऱ्या कुणाच्या मनात आला असता. अप्पा कचेरीतले होते. त्यांनी नियमावली केली.

"एक: आलेल्या इसमास सरबताबाबत एकदा व एकदाच विचारणा करण्यात येईल. दोन: 'नको' या उत्तराचा अर्थ 'नको' असाच लावण्यात येईल. तीन: 'कशाला', 'राहू द्या', 'आत्ताच झालं' हे शब्द, तसेच मान आडवी हलवणे, हे नकारच समजण्यात येतील. चार: नकाराची नोंद घेऊन त्यावर इसमाची सही अथवा अंगठा घेण्यात येईल. पाच: नकार मागे घ्यावयाचा असल्यास सात दिवसांच्या आत भीमाशंकर अप्पा, मुक्काम सोनपेठ, यांच्याकडे समक्ष लेखी दरख्वास्त करावी."

कागद लॅमिनेट करून ओसरीच्या खांबाला लागला. शांतम्मांनी तो वाचला, कपाळाला हात लावला आणि लिंबं लाटायला बसल्या.

पहिल्याच दुपारी दगडाबाई आल्या. विचारणा झाली. "नको गं माय." नोंद झाली, अंगठा झाला. दगडाबाई बसून राहिल्या. दुसरी विचारणा आता होईल, मग होईल. त्या उन्हाबद्दल बोलल्या. घशाला कशी कोरड पडते त्याबद्दल बोलल्या. लिंबू पित्ताला किती चांगलं, तेही बोलून झालं. पाऊण तासानं उठल्या, पदर खोचला आणि गल्लीत जाऊन सांगितलं की अप्पा बिचारे निवृत्त झाल्यापासून ठीक नाहीत.

पण आकडे बोलत होते. आग्रहकाल चार सेकंदांवर आला. माठ संध्याकाळपर्यंत गळ्याशी भरलेला राहू लागला आणि अप्पांना दोनाऐवजी पाच गिलास मिळू लागले. हे यश फक्त सोनपेठपुरतं ठेवणं त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी नियमावली नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकली. सतरा जणांनी हात जोडले. (किती जणांनी वाचली, याची माहिती संकलित झालेली नाही.)

दुसऱ्या आठवड्यात पाहुणे नऊ आले. तिसऱ्या आठवड्यात एकही नाही. शांतम्मा ओसरीवर बसून रस्त्याकडं बघत. कुणी दिसलं की अर्धवट उठत. ते माणूस खांबाकडं बघून पुढं निघून जाई. चौथ्या दिवशी त्यांनी माठ धुऊन पालथा घातला.

"सरबत?" अप्पांनी विचारलं.

"दोन मानसांसाठी कोन एवढा कुटाना करतंय? पानी प्या."

अप्पा पाणी प्यायले. तसे ते तीन दिवस पाणीच प्यायले. 'कर गं माझ्यासाठी' असं म्हणता आलं असतं, पण तसं कधी म्हटलेलं नसल्यानं पूर्वदाखला उपलब्ध नव्हता.

मग त्यांना जिंतूरची आठवण झाली. त्यांची लेक ऋतुजा तिथं व्याही मन्मथप्पांच्या घरी दिलेली. मन्मथप्पांचं कापडाचं दुकान, पुढं दुकान आणि मागं घर. आणि ऋतुजाच्या हाताला थेट आईची चव. अप्पांनी पिशवी उचलली.

"लेकीला बघून येतो."

"काल तर मोबाइलवर बघितली की!" शांतम्मा म्हणाल्या. तोवर अप्पा चप्पल घालून पायरी उतरले होते.

सोनपेठहून परभणी, परभणीहून जिंतूर. दोन्ही एसट्यांत त्यांना उन्हाकडची खिडकी मिळाली. वाटेत त्यांनी मुद्दामच पाणी घेतलं नाही. पोटात जागा राखली होती. दीड वाजता ते मन्मथप्पांच्या बैठकीत टेकले तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. आतून ऋतुजा ताट घेऊन आली. तेच सरबत! पिवळसर, वर सब्जा तरंगतोय, गिलासाला बाहेरून दव सुटलेलं. अप्पांना भरून आलं.

"काय इवाई, सरबत घेता का?" मन्मथप्पांनी विचारलं.

आणि अप्पांच्या तोंडून अठ्ठावन्न वर्षांच्या वळणानं निघून गेलं, "नको नको, कशाला तकलीफ?"

मन्मथप्पांनी आदरानं मान डोलावली, लोडामागून एक वही काढली आणि पुढं केली. "इथं सही करा. इवाई, तुमची नियमावली आली तवापासून आमी लय सुखी झालो बघा. दोन हप्त्यांत पाहुन्यापायी एक गिलास गेला न्हाई." असं म्हणून त्यांनी ताटातला गिलास उचलला आणि आवाज करत, डोळे मिटून, तळापर्यंत प्यायला.

अप्पांनी सही केली. स्वतःच्याच नियमाची इतकी चोख अंमलबजावणी त्यांनी चौतीस वर्षांत पाहिली नव्हती, त्याचा अभिमानही वाटला. पण घसा अभिमानानं ओला होत नाही. त्यांनी हळूच विचारलं, "ते... कलम पाच?"

"हाय ना. दरख्वास्त तुमच्याकडंच करायची, सोनपेठला, समक्ष. पन तुमी तर हितं बसलाव."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. शिवाय सोनपेठला जाऊन स्वतःचाच अर्ज स्वतः मंजूर करणं नैतिकतेत बसलं नसतं.

ऋतुजाला बापाचा कोरडा ओठ बघवेना. ती जवळ येऊन बसली आणि कानात म्हणाली, "अप्पा, येकदा नुसतं 'हो' म्हना. मी खोडते ती नोंद. कुनी काई म्हनत न्हाई."

बैठकीतला पंखासुद्धा हळू झाल्यासारखा वाटला. अप्पांनी तोंड उघडलं. एकच अक्षर होतं. त्यांनी श्वास घेतला, सगळा जोर लावला, आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं, तुला कशाला तरास?"

ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. अप्पांना खरं तर तेही चाललं असतं. साडेतीनच्या गाडीनं ते परत निघाले. निरोप देताना मन्मथप्पांनी त्यांना नकाराच्या नोंदीची पोच दिली.

तुम्ही हसत असाल. एवढं शिकलेलं माणूस, आणि एक 'हो' म्हणता येऊ नये? बरोबर आहे तुमचं. तुम्ही उन्हातान्हाचे इथवर आलात, तहान तर लागलीच असेल. माठ भरलेला आहे, सब्जा भिजलाय. देऊ एक गिलास?

राहू द्या, बोलू नका. मान कुठल्या दिशेनं हलली ते आम्ही पाहिलं.