वीस बोटांचा हिशेब

"पेटंट कधी संपतं हे काढायला वकील कशाला हवा? अर्जाच्या वर्षापासून हातापायाची वीस बोटं मोजली की झालं," असं आइनार टॉस्ट्रुड छातीठोकपणे सांगायचा. अमेरिकेतल्या अख्ख्या डोअर काउंटीत ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या या माणसाला चष्मा लावून कागद वाचणं म्हणजे कमीपणा वाटे. समोर आलेल्या कागदावर सही ठोकायची आणि पेन परत द्यायचं, ही त्याची जुनी रीत.

त्याचं दुखणं वेगळंच होतं. वीस वर्षांपूर्वी त्याचा मेव्हणा सेल्मर चेरीतली बी काढायचं यंत्र जुळवत होता, पण सुई चेरीत घुसली की बाहेरच येईना. तेव्हा आइनारनंच जुन्या सोफ्याची स्प्रिंग उपटून आणली आणि म्हणाला, "ही लाव." सुई टकाटक चालायला लागली. वर्षभरानं त्या यंत्रावर पितळी पट्टी आली आणि पट्टीवर पेटंटचा नंबर. झालं! माझी अक्कल चोरली म्हणून आइनारनं सेल्मरशी बोलणंच टाकलं. थँक्सगिव्हिंगच्या सणाला दोघं एकाच टर्कीच्या दोन टोकांना बसत, आणि मीठ हवं असलं तरी ते बोर्गिल्डमार्फत मागवलं जाई. बोर्गिल्ड एकाची बायको आणि दुसऱ्याची बहीण. तिचं जेवण तिथंच गार व्हायचं.

पेटंट संपलं, की दुसऱ्या दिवशी आपण तेच यंत्र स्वतःच्या नावानं सगळ्यांसमोर चालवायचं, हा आइनारचा पण होता. गोदामात त्यानं ते बनवून, रंगवून झाकून ठेवलं होतं. राहिली होती फक्त तारीख. त्यासाठी तो शेजारच्या चेरीच्या बागेत सेल्मरच्या तशाच यंत्राखाली पाठीवर आडवा झाला आणि पट्टीवरचे आता तीन झालेले नंबर उतरवून आला. ग्रंथालयात ग्रंथपाल ऑटिलीबाईंना फोन लावला.

"तीन पेटंटं आहेत. तारखा सांगा."

"बाकीचं वाचू का? पहिल्या पानावर बरंच..."

"तारखा, ऑटिलीबाई. फक्त तारखा."

तिघांतल्या धाकट्या पेटंटचा अर्ज दोन हजार दहाचा निघाला. आइनारनं बोटं मोजली, दोन हजार तीस आलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "तोवर मी पंच्याहत्तरीला टेकेन हो."

दोन दिवसांनी बाईंचाच फोन. "मी चौकशी केली. मधलं आणि धाकटं ही थोरल्याच्याच पोटातून निघालेली. त्यांची वर्षंही थोरल्याच्या अर्जापासून मोजतात. चौदा जून, दोन हजार तेवीस."

आइनारनं स्वयंपाकघरात बायकोला गिरकी दिली. अंगणात जंगी फिश बॉइल, म्हणजे उघड्या जाळावर हंड्यात मासे उकळून गावजेवण, ठरलं. साठ लोकांना आमंत्रणं गेली, चाळीस पौंड व्हाइटफिश आले. आदल्या दिवशी फोन वाजला.

"आइनार, धाकट्याच्या वेळी सरकारी कचेरीनंच फार उशीर लावला होता. त्या उशिराचे दिवस परत देतात. चारशे बारा."

"चारशे बारा दिवस? आणि या माशांचं काय करू?"

माशांचं काय झालं ते बोर्गिल्डला विचारा. आठवडाभर मासा, पंधरा दिवस माशाचं सूप. गावात मात्र आइनारची चांगलीच हुर्यो उडाली. ट्रॅक्टर घेऊन येणारा प्रत्येकजण विचारायचा, "काय, संपलं का?"

अखेर पुढच्या वर्षीचा एकतीस जुलै उजाडला. चेरी लगडलेल्या, अंगणात साठ माणसं, मोठ्या हंड्यात बटाटे, कांदे आणि नवे मासे. यंत्रावर चादर. बोर्गिल्डनं कुणाला न विचारता भावालाही बोलावलं होतं. तो हातात घरी भाजलेल्या चेरी-पायची थाळी घेऊन कुंपणापाशी उभा होता. आइनारला ते बरंच वाटलं. हेच तर त्याला दाखवायचं होतं.

फिश बॉइलच्या रीतीप्रमाणे त्यानं शेवटी हंड्याखालच्या जाळावर रॉकेल फेकलं. भडका उडाला, हंडा उतू गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात ऑटिलीबाई काखेत चौकट मारून धापा टाकत आल्या.

"आइनार, रागावू नका. मधल्या आणि धाकट्यानं आपापल्या अर्जाच्या वेळीच लिहून दिलंय, की थोरला संपेल त्या दिवशी आम्हीही संपू. तसं लिहून दिलं, की वाढीव दिवस गळतात. म्हणजे पहिलीच तारीख बरोबर. पेटंट गेल्याच वर्षी संपलं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. आइनार म्हणाला, "म्हणजे मी एक वर्ष फुकट थांबलो?"

"एक नव्हे," बाई अवघडून म्हणाल्या. "तुम्हाला भेट म्हणून थोरल्याचं पहिलं पान चौकटीत बसवलं. बसवताना वाचलं. आधीच वाचू का म्हणून विचारलं होतं मी."

आइनारनं बायकोचा चष्मा ओढून नाकावर ठेवला. शोधक: सेल्मर होवलँड आणि आइनार टॉस्ट्रुड.

त्यानं तीनदा वाचलं.

"तुम्ही सही केली होती, दाजी," सेल्मर कुंपणापासूनच म्हणाला. "आमच्याच टेबलावर."

"पेन मी दिलं होतं," बोर्गिल्ड म्हणाली. "आपल्या दोघांनाही वाटलं बोटीच्या धक्क्याचा अर्ज आहे."

"शोधक म्हणून नाव असलेला भागीदार मालक असतो, आणि त्याला ते यंत्र बनवायला कुणाचीच परवानगी लागत नाही," बाईंनी हळूच जोडलं. "पहिल्या दिवसापासून."

"मग सेल्मर, तू वीस वर्षं बोलला का नाहीस?"

"दाजी, तुम्ही मीठसुद्धा माझ्याकडे मागत नव्हतात."

आइनार तरातरा कुंपणापाशी गेला, मेव्हण्याच्या हातातली थाळी काढून बोर्गिल्डकडे दिली आणि त्याला अशी मिठी मारली की सेल्मरची टोपी पडली. दोघांचे डोळे धुरानं भरले, असं दोघंही अजून सांगतात.

"मालक!" आइनार चौकट उंचावून सगळ्यांना म्हणाला. "या यंत्राचा अर्धा मालक मी!" त्यानं ऐटीत चादर ओढली, कळ दाबली, आणि चेरीच्या बिया टपाटप बादलीत पडायला लागल्या.

एवढ्यात शेजारचा क्लेटस मोजपट्टी काढून यंत्रापाशी उकिडवा बसला आणि स्प्रिंगची लांबी वहीत लिहायला लागला.

आइनार खवळला. "ए, काय करतोस? अक्कल आहे ती माझी! विचारल्याशिवाय उतरवून घेतोस?"

सेल्मरनं त्याचा खांदा धरून त्याला बाकावर बसवलं आणि मिठाची कुपी त्याच्यापुढे सरकवली. "जेवा, दाजी. आता कुणीही बनवू शकतं. तुमची मालकी संपून तेरा महिने झाले."