बशीरमामूंचे राखेचे डबे

आमच्या औशात बशीरमामू दारात आले की बायका काही विचारत नाहीत. पाणी तापवायच्या चुलीतली राख त्यांच्या पत्र्याच्या डब्यात ओततात. मामू चिमूटभर जिभेवर ठेवतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "तुराट्या जाळल्या. अन् मधी प्लास्टिक टाकलं, वहिनी. लई वाईट सवय हाय!"

मामू साखर कारखान्यात बॉयलरवर होते. रिटायर झाल्यावर घरामागं गॅसची भट्टी बांधली आणि कप-बरण्या भाजायला लागले. राख आणि माती पाण्यात कालवून भांड्यावर चढवायची. भट्टीत ती वितळून काचेसारखी चकाकते. हीच मामूंची झिलई. फळीवर डब्यांची रांग, प्रत्येकावर घराचं नाव आणि राखेचा स्वभाव. 'देशमुख : रुसते.' 'सोनवणे : पळते', म्हणजे वितळून खाली ओघळते. सोनवणे वहिनींनी हे वाचलं आणि महिनाभर राख बंद केली.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, तीही रसायनशास्त्राची. भट्टीवर मदतीला जायचे, तेव्हा मामूंना स्पष्टच म्हणाले, "जीभ कशाला लावता? चाळा, मोजा."

"बीएस्सीबाई, भट्टी सर्टिफिकेट बघत न्हाई."

हे मला झोंबलं. मामू नमाजला गेले तेव्हा मी कोपऱ्यातला बिननावाचा डबा उघडला, सगळी राख चाळली, मोजून झिलई कालवली आणि दोन कप त्यात बुडवले.

मामू आले. रिकामा डबा उचलून उलटा करून बघितला.

"ही जैनबच्या शेवटच्या चुलीची राख होती."

जैनबमामी जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"दर भट्टीला डबा काढतो, परत ठेवतो," मामू म्हणाले. "पळाली तर?"

"मी कप धुऊन काढते, मामू."

"धुतल्यावर मोरीत जाईल ना, येडे!" मग डबा खाली ठेवून म्हणाले, "लाव भट्टीत."

भट्टी गार व्हायच्या आत कुणी हात लावला तर मामू अख्खी गल्ली डोक्यावर घेतात. या वेळी तेच तीनदा दाराची वीट काढायला उठले. तिन्ही वेळा मी ओरडले.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं. दोन्ही कप कोवळ्या हरभऱ्यासारखे हिरवे! झिलई खाली उतरत आली होती आणि तळाच्या बोटभर वर, जाड थेंब धरून थबकली होती.

मामूंनी कप उन्हात फिरवला. "हाव! बीएस्सी पास झाली! चहा टाक गं."

चहा उकळेपर्यंत त्यांनी तो रिकामा डबा आणि पेन माझ्यापुढं ठेवलं. "तुझं अक्षर बरं हाय. लिही, जैनब."

"अन् स्वभाव?"

मामू त्या जाड थेंबावरून अंगठा फिरवत राहिले.

"लिही, थांबते."